पिशवी निघाल्यानंतरचे जेवण

पोटावरची पिशवी काढायचे ऑपरेशन सर्जनच्या लेखी तसे लहान असते. त्वचेवर आणून ठेवलेले आतड्याचे तोंड, म्हणजे स्टोमा, मोकळे करायचे, दोन्ही टोके जोडायची, आतडे पोटात सारायचे आणि भोक बंद करायचे. लहान आतड्याचा साधा स्टोमा असेल तर तास-दीड तासात काम उरकते. घरचे लोक मात्र या दिवसाकडे दोन-तीन महिने, कधी वर्षभर डोळे लावून बसलेले असतात. एकदा पिशवी गेली की माणूस पहिल्यासारखा पाटावर बसून जेवेल, असे सगळ्यांनी धरून ठेवलेले असते. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे दिवसातून सहा-आठ वेळा, कधी त्याहून जास्त वेळा संडासला जावे लागते. पोट गुरगुरते, मागच्या बाजूची आग होते, रात्री झोपमोड होते. मग माणूस घाबरतो आणि जेवण तोडतो. ‘खाल्लं की जावं लागतं, मग खायचंच कशाला?’ या प्रकरणात मला मुख्यतः या प्रश्नाशी भांडायचे आहे. आतडे पुन्हा कामाला लागते ते अन्न मिळाल्यावर. उपाशी ठेवलेले आतडे सुस्तच राहते, आणि उपाशी माणसाची जखमही भरत नाही.

हे सगळे कळवण तालुका डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. मोठे ऑपरेशन नाशिकला किंवा मुंबईला होते, पण त्यानंतरचे महिने गावातच काढायचे असतात. नाशिक इथून सुमारे 75 ते 80 किलोमीटर. डिस्चार्ज कार्डावर ‘कमी चोथ्याचा मऊ आहार’ असे लिहिलेले असते आणि घरी आल्यावर कोणालाच कळत नाही की चुलीवर नेमके काय ठेवायचे. छापील आहारपत्रकात ओट्स, सफरचंदाचा गर, टोस्ट असे पदार्थ असतात. कळवण, अभोणा, कनाशीच्या घरांत नागली, तांदूळ, भगर, मूग असतात. खरे सांगायचे तर या आजारपणाला ही दुसरी यादीच जास्त सोयीची आहे.

उलट तालुक्याची नगदी पिके बघा: कांदा, मका, डाळिंब, द्राक्ष. पिशवी काढल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ज्या चार गोष्टींना हात आखडता घ्यावा लागतो, नेमक्या त्याच या चार. मक्याच्या दाण्याचे साल माणसाच्या आतड्यात पचत नाही. जोड नवा असतो, सुजलेला असतो, तिथला मार्ग अरुंद झालेला असतो, आणि नीट न चावलेल्या दाण्यांचा बोळा तिथे अडकू शकतो. पावसाळ्यात भाजलेले कणीस पुढे येते तेव्हा हे आठवायला हवे. डाळिंबाच्या बिया, शेंगदाणे, ओले-सुके खोबरे, पेरू, शेवग्याच्या शेंगा यांचेही तसेच. द्राक्षाचे साल आणि साखर मिळून जुलाब वाढवतात. कांद्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आपल्या भागात पोटावर पिशवी येते ती काही एकाच आजाराने नाही. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हे एक कारण. आतड्याचा क्षयरोग, आतड्याला पडलेला पीळ, अपघातात पोटाला लागलेला मार ही इतर कारणे. विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र हेही आपल्याकडे अजून संपलेले कारण नाही. विषमज्वराचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ग्रंथींत ठाण मांडतात आणि तापाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात तिथली भिंत फुटू शकते. पोटात घाण पसरलेली, आतडे सुजून मऊ पडलेले; अशा वेळी घातलेले टाके धरत नाहीत, म्हणून सर्जन आतड्याचे तोंड बाहेर काढून ठेवतो आणि जीव वाचवतो. दूषित पाण्याने होणारा हा ताप लसीने टळतो. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये या आजाराची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून मुलांना दिली, तेव्हा जगात तसे करणारे ते पहिले शहर होते. ही लस आपल्या वाड्या-पाड्यांपर्यंत लवकर पोहोचली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कोणत्या आजाराने पिशवी आली होती आणि आतड्याचा कोणता भाग कापला गेला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. विषमज्वरानंतर पिशवी लागलेल्या विशीतल्या तरुणाचे मोठे आतडे आणि गुदाशय शाबूत असतात. त्याची गाडी बहुतेक वेळा काही आठवड्यांत रुळावर येते. गुदाशयाचा कर्करोग काढलेल्या माणसाची मळ साठवण्याची पिशवीच लहान झालेली असते. त्याला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षे. शेजारच्या गावातला कोणी ‘पंधरा दिवसांत भाकरी-ठेचा खायला लागला’ म्हणून आपण मागे पडलो, असे समजू नये. दोघांचे ऑपरेशन नावाला सारखे, आतून निराळे.

आतड्याचे रोजचे काम किती मोठे आहे ते आकड्यांत बघण्यासारखे आहे. आपण पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे पाचक रस मिळून रोज 8 ते 9 लिटर द्रव लहान आतड्यात येतो. बहुतेक तिथेच शोषला जातो. लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्याकडे जातो आणि मळातून शेवटी बाहेर पडते ते 100 ते 200 मिलिलिटर पाणी. लहान आतड्याचे तोंड पोटावर असते तेव्हा हा लिटर-दीड लिटर शोषणारा भागच वाटेतून वगळला गेलेला असतो. तो महिनोन्‌महिने रिकामा राहतो. चणकापूर धरणाचे आवर्तन बऱ्याच दिवसांनी सुटले की पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी लगेच नीट पोहोचत नाही. चारीत गवत माजलेले असते, कुठे गाळ साचलेला असतो. मोठ्या आतड्याचे तसेच होते. त्याचे अस्तर पातळ झालेले असते, स्नायू आळसावलेले असतात, आतल्या जंतूंची वस्ती घटलेली असते.

आणि इथेच खाण्याचा मुद्दा येतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाहीत. आपण खाल्लेला चोथा तिथले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते आणि त्यावर या पेशी जगतात. मळ येणे बंद झाले की त्यांची उपासमार होते आणि अस्तराला सूज येते. डोनाल्ड ग्लोट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये या सुजेचे वर्णन केले. स्टोमा असताना कधी कधी खालून शेंबडासारखा स्राव येतो, त्यामागे बऱ्याचदा हीच सूज असते. पिशवी काढून अन्नाचा मार्ग पुन्हा सुरू झाला की ती ओसरू लागते. म्हणजे चोथा पहिले काही आठवडे कमी ठेवायचा असला तरी तो कायमचा शत्रू नाही. पुढे त्यानेच आतडे सुधारायचे असते.

ऑपरेशननंतर वॉर्डात डॉक्टर रोज एकच विचारतात: गॅस पास झाला का? पूर्वी याचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब पडू देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले की लवकर उठवून चालवले आणि लवकर तोंडाने दिले तर रुग्ण लवकर बरा होतो. आता बऱ्याच ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या दिवशी घोट-घोट पाणी, मग चहा, भाताची पेज, वरणाचे पाणी असे सुरू करतात. मळमळ झाली, पोट फुगले तर थांबायचे. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी, यूष अशा चढत्या क्रमाने आहार वाढवतात, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. तो ऑपरेशनसाठी सांगितलेला नाही. तरी थकलेल्या पोटाला पातळापासून घट्टाकडे न्यावे, ही समज आपल्या आज्या-पणज्यांना नवी नव्हती.

घरी आल्यावर पहिली भीती वाटते ती जखमेची. अनेक सर्जन स्टोमाच्या जागची त्वचा पूर्ण शिवत नाहीत. बटव्याची नाडी ओढावी तसा गोल टाका घालून मध्ये बोटाएवढे भोक मुद्दाम ठेवतात, म्हणजे आतला घाण स्राव साचून न राहता बाहेर पडतो. ते भोक आतून भरत वर येते आणि त्याला काही आठवडे लागतात. ड्रेसिंगवर थोडे पिवळसर-गुलाबी पाणी दिसणे ठीक. दुर्गंधी, घट्ट पू, भोवती लाली आणि ताप असेल तर कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सर्जनकडे त्याच दिवशी दाखवावे. जखमेवर हळद, राख, पाल्याचा रस काहीही लावू नये.

आता चूल. पहिल्या चार ते सहा आठवड्यांचा आधार म्हणजे मऊ भात. आसडीचा नाही, पांढरा, जास्त पाण्यात शिजवलेला, गरगटलेला. त्याच्याबरोबर सालीविना मुगाचे वरण, दही किंवा ताक, उकडून कुस्करलेला बटाटा, पिकलेले केळे, साबुदाण्याची खीर, उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, कोंबडीचा बिनतिखट रस्सा आणि मऊ शिजलेले मांस. भाज्यांत दुधी, लाल भोपळा, साल काढलेले गिलके. भात, केळे, साबुदाणा आणि बटाटा मळ घट्ट करतात. अंडी, मासे, वरण यांतली प्रथिने जखम भरतात, म्हणून नुसत्या पेजेवर माणसाला ठेवू नये.

नागलीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. अख्ख्या नागलीत 100 ग्रॅममागे सुमारे 11 ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमच्या आत. म्हणून पहिल्याच आठवड्यात नागलीची जाड भाकरी नको. पण त्याच 100 ग्रॅममध्ये 360 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियमही असते, आणि नागली टाकून द्यावी असे अजिबात नाही. पीठ वस्त्रगाळ करायचे, म्हणजे कोंडा फडक्यात वर राहतो. दोन चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवायचे, बोटाने गुठळ्या मोडायच्या, मग ते उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचे आणि पळी फिरवत राहायचे. रंग गडद होतो, पळीला चकाकी येते, कच्चा वास जातो. मीठ घालायचे, कोमट झाल्यावर ताक. ही आंबील सकाळी अकराच्या सुमारास दिली तर पोटाला आधार होतो, पाणी जाते, मीठही जाते. सहा आठवड्यांनंतर याच पिठाची पातळ, मऊ भाकरी वरणात कुस्करून, आणि मग हळूहळू नेहमीची.

जुलाब असताना नुसते पाणी ढोसणे पुरत नाही. लहान आतड्याच्या भिंतीत मीठ आणि ग्लुकोज एकत्र शोषणारी यंत्रणा आहे. दोन्ही असतील तर त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. याच तत्त्वावर 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. माप चुकवू नये. मूत्रपिंड, हृदय किंवा मधुमेहाचा आजार असेल त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी कमी आणि गडद होणे, जीभ कोरडी पडणे, उठताना घेरी येणे ही पाणी कमी पडल्याची खूण.

कांद्यात फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो. निरोगी माणसालाही तो होतो, पण तो धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात असते. पिशवी निघालेल्या माणसाला सुरुवातीला गॅस आणि पातळ मळ यांतला फरकच नीट कळत नाही, आणि त्याची कुचंबणा होते. पण ज्या घराच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलेला आहे, तिथे कांद्याशिवाय भाजी ही कल्पनाच कोणाला सहन होत नाही. यावर एक चांगली युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. कांद्याच्या मोठ्या फोडी तेलात परतायच्या, वास तेलात उतरला की झाऱ्याने सगळ्या फोडी काढून टाकायच्या, आणि मगच पाणी किंवा भाजी घालायची. लसणालाही हेच लागू. चव राहते, गॅस बराचसा टळतो. दोन महिन्यांनी शिजलेला कांदा थोडा-थोडा सुरू करावा, कच्चा सगळ्यांत शेवटी. मिरचीच्या बाबतीत मात्र युक्ती नाही. तिचा तिखटपणा पूर्ण पचत नाही आणि जाताना सालटे निघालेल्या त्वचेवर आग ओततो. ठेचा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा थांबलेलाच बरा. दूध काही आठवडे बाधू शकते, कारण दुधातली साखर पचवणारे द्रव्य तात्पुरते कमी पडते. दही-ताक सहसा चालते.

खाण्याइतकीच खाण्याची रीत महत्त्वाची. तीन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. घास इतका चावायचा की गिळण्याआधी तो लापशीसारखा व्हावा. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याला ढकलण्याचा इशारा मिळतो, ही शरीराची नैसर्गिक रीत आहे. जेवल्या-जेवल्या जावेसे वाटले म्हणजे खाल्लेले तसेच बाहेर पडते आहे, असे नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस बघून मग दुसरा.

गुदाशय कापलेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांना तासाभरात चार-पाच वेळा थोडे-थोडे होते, मग बराच वेळ काहीच नाही. अचानक घाई लागते, कपडे खराब होण्याची धास्ती असते. डॅनिश डॉक्टरांनी 2012 मध्ये याचे मोजमाप करणारी पाच प्रश्नांची साधी प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. इसबगोल कमी पाण्यात कालवून घेतले तर पातळ मळ बांधला जातो. आतडे मंद करणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टर जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. ती मनाने घेऊ नये, आणि ताप किंवा रक्त असताना तर नाहीच. गुदद्वाराचे स्नायू आवळून धरण्याचे आणि सोडण्याचे व्यायाम रोज करावेत. धुताना चोळू नये, कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावे आणि खोबरेल किंवा झिंकचे मलम लावावे. एसटीने नाशिकला जायचे असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खाऊ नये, पण पाणी तोडू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्टोमाच्या रुग्णांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका आहेत आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया 1975 पासून मुंबईत काम करते आहे. आपल्यासारख्याच त्रासातून गेलेल्या माणसाशी बोलता आले तर लाजेचा बराच भार उतरतो.

सप्तशृंगगड याच तालुक्यात, त्यामुळे नवरात्राच्या उपवासाचा प्रश्न हमखास येतो. पहिल्या तीन महिन्यांत निरंकार उपास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मन राखायचेच असेल तर उपासाच्या पदार्थांत सोयीचे पुष्कळ आहे: मऊ भगर, ताक, उकडलेला बटाटा, केळे, दाण्याचे कूट न घातलेला साबुदाणा. शेंगदाण्याची आमटी आणि तळलेले वडे तेवढे टाळावे.

रुग्ण घरातली बाई असेल तर या सगळ्यावर पाणी पडते. ती सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाते, आणि ते घराच्या तिखटाचे असते. स्वतःसाठी वेगळा मऊ भात टाकणे तिला चोचले वाटतात. नवऱ्याला पिशवी असती तर तिने दोन चुली सांभाळल्या असत्या. सासूने, मुलीने किंवा नवऱ्याने तिची पेज वेगळी करून तिला आधी वाढली पाहिजे. तिच्या गोळ्या-औषधांइतकेच ते गरजेचे आहे.

काही लक्षणांना मात्र घरी वाट बघायची नाही. गॅस आणि मळ दोन्ही बंद, पोट ताठ फुगलेले, कळा येऊन हिरवी-पिवळी उलटी होते, तर आतडे अडकले असू शकते. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊन ते सोडवायला जाऊ नये. तोंडाने देणे थांबवून दवाखाना गाठावा. तापासोबत वाढत जाणारे पोटदुखणे आणि मळातून बरेच रक्त जाणे, यालाही तेच.

जड उचलणे सहा ते आठ आठवडे बंद. 50 किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेतली तर जुन्या स्टोमाच्या जागी हर्निया होऊ शकतो, आणि मग तिसरे ऑपरेशन. रात्रीची लाईट आली म्हणून मोटार सुरू करायला बांधावरून जाणे चालेल. पाइप ओढणे नको. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून रोज वाढवावे. लहान आतड्याचा शेवटचा भाग 60 सेंटिमीटरहून जास्त कापला असेल तर बी-12 जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि त्याची इंजेक्शने कायम घ्यावी लागतात. किती भाग कापला ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. त्याच भागात पित्तक्षारही शोषले जातात. ते मोठ्या आतड्यात उतरले तर आग करणारे पिवळे पातळ जुलाब होतात आणि त्यांवर वेगळे औषध आहे. म्हणून ‘जुलाब होतात’ एवढेच सांगून भागत नाही. शाळेच्या वहीत चार रकाने आखावेत: काय खाल्ले, किती वाजता, किती वेळा जावे लागले, मळ कसा होता. दर आठवड्याचे वजनही त्यातच लिहावे. गोळीची मात्रा वाढवायची की कमी करायची, हे डॉक्टर ही वही बघून ठरवतात, तेव्हा तपासणीला जाताना ती फाइलबरोबर न्यावी.